लेझर कोणाच्या चेहऱ्यावर आणि कोणाच्या हातात

हापूसची पेटी, प्लॉट विकणे आहे, दहावीच्या मुलांचं अभिनंदन, साहेबांचा वाढदिवस, आणि आता लेझर. मुंबई-गोवा हायवेने महाड, खेड, चिपळूण करत या नाहीतर खालून सावंतवाडी, कुडाळ, कणकवली करत जा, बोर्डांच्या या रांगेत गेल्या काही वर्षांत एक नवीन बोर्ड घुसलाय. अर्धा चेहरा काळवंडलेला, खड्ड्याखड्ड्यांचा, आणि उरलेला अर्धा सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत. खाली लिहिलेलं असतं की सुरकुत्या, डाग, खड्डे, सगळं लेझरने गायब, आणि कोपऱ्यात गणपती स्पेशल डिस्काउंट. चाकरमानी गावाला येणार, घरात माणसं जमणार, फोटो निघणार, म्हणजे धंद्याचा टायमिंग अगदी बरोबर आहे, त्यात मला काही म्हणायचं नाही.

म्हणायचंय ते वेगळंच. लेझर ही चांगली गोष्ट आहे, पण कोकणात ती चुकीच्या दारातून आलीय. ज्याच्या चेहऱ्याला काही झालेलं नाही त्याला ती हप्त्यावर विकली जातेय, आणि जिचा हात स्टोव्हच्या भडक्यात भाजून कोपरात आखडलाय तिला असं काही असतं हे कोणी सांगितलेलंच नाही, आणि सांगितलं तरी ते मुंबईला आणि खिशाबाहेरचं. हे उलटं करायला पाहिजे, आणि ते बाजार करणार नाही, सरकारने करायला पाहिजे. लगेच कोणीतरी म्हणणार की सरकारी दवाखान्यात साधा डॉक्टर मिळत नाही आणि हे लेझर मागतायत. त्याच्याकडे येतोच, पण आधी हे मशीन नक्की करतं काय ते बघू, कारण बोर्डवर ते कोणी लिहीत नाही.

बोर्डवर 'लेझर' या एका नावाखाली पाच-सहा वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. केस काढायचं वेगळं, टॅटू काढायचं वेगळं, लग्नाआधी करतात ते कार्बन फेशियल वेगळं, आणि आयपीएल नावाचं जे असतं ते तर लेझरच नाही, तो नुसता जोरदार फ्लॅश. खड्डे आणि सुरकुत्यांसाठी जे खरं दमदार मशीन आहे ते कार्बन डायऑक्साइडचं. इथे आपल्या लोकांनी थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही, कारण हे लेझर ज्यांनी शोधलं ते कुमार पटेल बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, आणि १९६४ च्या सुमारास अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये त्यांनी ते केलं. (बारामती म्हटलं की आमच्याकडे लगेच राजकारण सुरू होतं, ते आत्ता नको.)

या लेझरच्या किरणाची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, डोळ्याला दिसतच नाही, आणि ती पाणी फटकन शोषून घेतं. कातडीत पाणी भरपूर, त्यामुळे किरण पडला की तिथलं पाणी क्षणात वाफ होतं आणि वरचा पातळ थर उडून जातो, खालच्या थराला गरमी लागते, तो आकसतो, आणि मग पुढचे काही महिने शरीर तिथे नवीन कोलॅजन, म्हणजे कातडीला ताठ धरणारं प्रथिन, भरत राहतं. खड्डा उथळ दिसतो किंवा सुरकुती कमी वाटते ती या भरावामुळे. एर्बियम यॅग म्हणून दुसरं असतं, २,९४० नॅनोमीटरचं, त्याची ऊर्जा पाणी अजून जास्त ओढून घेतं म्हणून बाजूला गरमी कमी पसरते. दोन्हींचा अर्थ एकच की तुम्ही पैसे देऊन चेहऱ्यावर जखम करून घेताय, मोजून मापून केलेली, पण जखम.

नव्वदच्या दशकात ही जखम अख्ख्या चेहऱ्याला एकदम करायचे. एक-दोन आठवडे चेहरा ओला, लाल, पपड्या धरलेला, लाली तर महिनोंमहिने, आणि काहींच्या बाबतीत नंतर कातडी कायमची फिकट पांढरट पडायची. मग २००४ मध्ये बॉस्टनचे स्किनचे डॉक्टर रॉक्स अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रॅक्शनल पद्धत मांडली. पूर्ण थर उडवायचा नाही, केसासारखी बारीक बारीक भोकं पाडायची आणि मधली कातडी शाबूत ठेवायची, म्हणजे शेजारच्या चांगल्या कातडीतून जखम लवकर भरते, आठवड्याभरात माणूस बाहेर पडू शकतो. सावळ्या कातडीसाठी हे लेझर जास्त सुरक्षित झालं ते यामुळे. जास्त सुरक्षित म्हणजे पूर्ण सुरक्षित नव्हे, आणि आमचं कोकण इथेच आडवं येतं.

स्किनचे डॉक्टर फिट्झपॅट्रिक यांची एक मोजपट्टी वापरतात, १९७५ पासूनची, ऊन लागल्यावर कातडी लाल होते की काळी होते यावरून सहा प्रकार. आपली बहुतेक माणसं चौथ्या-पाचव्यात बसतात. अशा कातडीला जखम झाली की ती भरते पण मागे काळा डाग सोडते. यासाठी लेझर कशाला, पावसात पायाला डास चावतात, खाजवून खाजवून फोड येतो, तो बरा होतो आणि काळा ठिपका पुढच्या शिमग्यापर्यंत तिथेच. लेझरनंतर हेच चेहऱ्यावर होऊ शकतं, आणि होतं. मशीनची ताकद किती ठेवायची, भोकं किती दाट मारायची, आधी काही आठवडे कुठलं क्रीम लावायचं, कानामागे किंवा जबड्याखाली छोटा टेस्ट पॅच मारून वाट बघायची की नाही, हे सगळं कातडी बघून ठरवायचं असतं. ज्याला हे ठरवता येत नाही तो कंपनीने शिकवलेल्या सेटिंगवर बटण दाबतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला लग्नाच्या तोंडावर अशाच एका पार्लरच्या वरच्या मजल्यावर करून दिलं, दोन्ही गालांवर मशीनच्या डोक्याच्या मापाचे चौकोनी चौकोनी डाग उठले, अल्बममध्ये फोटोग्राफरने कसेतरी झाकले. नंतर खऱ्या डॉक्टरकडे जाऊन ते हळूहळू फिके झाले, पण सहा-आठ महिने सासरच्या प्रत्येक बाईला उत्तर द्यायचं तिच्या वाट्याला आलं, त्याचं बिल कोणी भरायचं?

आणि ऊन. लेझर केल्यावर ऊन टाळा हे सगळे सांगतात, सांगणं सोपं आहे. ढग आहेत म्हणजे ऊन नाही असं आपल्याला वाटतं, पण जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की पातळ ढगातून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात, कोरडी वाळू १५ टक्क्यांच्या आसपास परत फेकते आणि लाटांचा फेस २५ टक्के. म्हणजे किनाऱ्यावर छत्री धरून उभं राहिलात तरी खालून येतंच. आता हे कोणाला सांगायचं? जुलैत वाकून लावणी करणाऱ्या बाईला? हर्णैला वाळूत सुकट वाळत घालणारीला? एप्रिल-मे मध्ये बागेत आंबे उतरवायचा झेला घेऊन उभा असलेल्या गड्याला? टूव्हीलरवर बँकेचं कलेक्शन करत फिरणाऱ्या पोराला? आठवडाभर घरात बसा आणि मग दोन-तीन महिने उन्हापासून जपा, या सल्ल्यात एक अख्खा सीझन बुडतो. मुंबईच्या एसी ऑफिसातल्या माणसासाठी लिहिलेलं कागद इथे तसंच छापून देतात, वर आमच्याकडे दमट हवा, घाम, पावसात कपडे वाळत नाहीत तिथे ओली जखम कशी वाळणार. डॉक्टर इथला असेल तर तो विचारतो, तुझं काम काय, घर कुठे, पाणी कुठलं. पॅकेज विकणारा हे विचारत नाही.

याशिवायच्या गोष्टी पण आहेत. ज्याला ओठावर वारंवार नागीण टाइप बारीक फोड येतात त्याला आधी गोळ्या सुरू कराव्या लागतात नाहीतर ते इन्फेक्शन लेझरच्या जखमेवर चेहराभर पसरू शकतं. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर सांगावं लागतं. छातीवर, खांद्यावर, कानाच्या पाळीवर ज्याच्या जखमा जाड गाठीसारख्या वाढतात, म्हणजे केलॉइडची प्रकृती, त्याच्यावर असं लेझर मारायच्या आधी दहा वेळा विचार करावा लागतो, नाहीतर एका गाठीच्या जागी दुसरी मोठी. हे विचारणं म्हणजे केस पेपर काढणं, आणि केस पेपर काढणं हे डॉक्टरचं काम आहे. सोनोग्राफीचं मशीन घ्यायचं तर १९९४ च्या कायद्याखाली जागेची नोंदणी लागते, एक्स-रे लावायचा तर अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. लेझरचं काय, तर २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स बनवणाऱ्याला, आयात करणाऱ्याला आणि विकणाऱ्याला लागू, पण विकून झाल्यावर ते मशीन कुठल्या गाळ्यात कोणाच्या हातात आहे याची सोनोग्राफीसारखी नोंद कोणी ठेवत नाही. राज्याचा नर्सिंग होमचा कायदा १९४९ चा, तो पेशंट भरती होतात अशा जागांचा, पलंगच नसलेला गाळा त्यातून निसटतो. नोंदणी नसताना डॉक्टरकी केली तर नॅशनल मेडिकल कमिशनच्या २०१९ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, पण त्यासाठी आधी कोणीतरी हे म्हणायला पाहिजे ना की चेहरा जाळणं ही डॉक्टरकी आहे, ब्युटी सर्व्हिस नाही.

आता वणांकडे येऊ, कारण खरा विषय तो आहे. कोकणी माणसाच्या अंगावर वण कशाकशाचे असतात बघा. आंब्याच्या चिकाचे, लहानपणी देठ तोडून तोंड लावलं की ओठाच्या कडेला आणि गालावर फोड, मग काळा चट्टा. ते आपोआप जातात, फक्त खाजवायचे नाहीत, त्याला लेझर दाखवणारा माणूस चोर समजावा. बिब्ब्याचे, कोणीतरी आजी सांगते म्हणून घातलेले. बाईकच्या सायलेन्सरचे, पोटरीवर, निम्म्या कॉलेजच्या पोरींना असतात. हायवेच्या कामात इतकी वर्षं जी खोदाखोद चालली त्यात पडल्याझडल्याचे, टाके पडलेले. आणि काजूचे. वेंगुर्ल्याच्या काजूला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाची सरकारी नोंद, मिळालं, पेट्या छान छान झाल्या, पण कच्च्या काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, आणि ज्या बाया पिढ्यान्पिढ्या राख नाहीतर तेल चोळून तो गर सोडवत आल्या त्यांच्या बोटांची टोकं बघा, काळी, सोललेली, चिरा पडलेली. कारखान्यात वाफवून मशीनने फोडतात तिथे बरंच कमी झालंय, पण घरगुती फोडणी अजून आहे. तिथेही लेझर नको, तिथे हातमोजे पाहिजेत, आणि ते नाही दिले म्हणून मालकाला विचारणारा कोणीतरी पाहिजे.

पिंपल्सच्या खड्ड्यांचं जरा वेगळं. त्याला नुसती हौस म्हणून उडवून लावणारे वडीलधारे मला पटत नाहीत. वीस वर्षांचा मुलगा खड्ड्यांमुळे मान वर करून बोलत नाही, इंटरव्ह्यूला जायचं टाळतो, हे मी बघितलंय, आणि देवीचे वण असलेल्या माणसांची लग्नं कशी अडायची हे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला विचारा, देशातली शेवटची देवीची केस १९७५ ची, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. पण इथेही लेझर हे एकटं औषध नाही. सुई टोचल्यासारखे खोल बारीक खड्डे असतील तर त्यात कडक टीसीए ॲसिडचा थेंब टाकतात, लाटांसारखे पसरट असतील तर सुईने आतले धागे मोकळे करतात, पेटीसारखे कडा असलेले असतील तिथे लेझरचा चांगला उपयोग. एकाच चेहऱ्यावर तिन्ही असतात. सगळ्याला सहा सिटिंगचं एकच पॅकेज दाखवलं की समजायचं तुमचे खड्डे कोणी बघितलेच नाहीत. आणि खड्डे गायब वगैरे होत नाहीत, कमी होतात, हे आधी सांगितलं पाहिजे. पिंपल्स येतायत तोवरच नीट औषध घेतलं तर बरेच खड्डे पडतच नाहीत, पण मेडिकलवाल्याकडून स्टेरॉइडची गोरं करायची ट्यूब घेऊन चेहरा लाल करून घेतात आणि मग लेझरला येतात.

आता भाजलेली माणसं. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे की भारतात वर्षाला दहा लाखांवर माणसं मध्यम ते गंभीर भाजतात. त्यातल्या वाचलेल्यांचं पुढे काय होतं याची बातमी येत नाही. जखम भरते, टाळ्या वाजतात, घरी पाठवतात, आणि मग पुढची दीड-दोन वर्षं तो वण वाढत राहतो, जाड होतो, लाल होतो, रात्रभर खाजतो, आणि आखडतो. मानेवर असेल तर हनुवटी छातीकडे ओढली जाते, कोपरात असेल तर हात सरळ होत नाही, बोटांत असेल तर मूठ उघडत नाही. ज्या बाईने भाकरी थापायची, जाळं विणायचं, नारळ सोलायचा, तिची बोटं उघडत नाहीत, याला कॉस्मेटिक म्हणणारा माणूस मला बघायचाय. वर्षानुवर्षं उघड्या राहिलेल्या वणावर कॅन्सर होऊ शकतो हेही डॉक्टरांना माहिती आहे, त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात.

अशा वणांवर फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर जे करतं ते बोर्डवरच्या गुळगुळीत गालापेक्षा मला कितीतरी मोलाचं वाटतं. ताठ वण मऊ होतो, खाज कमी होते, सांधा थोडा जास्त हलतो, आणि त्या बारीक भोकांतून स्टेरॉइडचं औषध आत सोडता येतं, जे नुसतं वरून चोळून जात नाही. वण जात नाही. हे मी पुन्हा लिहितो कारण खोटी आशा लावून पैसे काढणारे याही बाजूला आहेत, वण जात नाही, पण त्याच्याबरोबर जगणं सोपं होतं. आणि हे पहिलं औषध पण नाही. पहिलं म्हणजे स्प्लिंट (सांधा सरळ धरून ठेवायचा आधार), फिजिओ, सिलिकॉनची पट्टी, आणि दाबाचे घट्ट कपडे जे दिवसातले २३ तास महिनोंमहिने घालायला सांगतात. मे महिन्यात देवगडला २३ तास घट्ट कपडे घालून दाखवा. लोक ते काढून टाकतात, आणि फाइलवर लिहिलं जातं की पेशंटने सहकार्य केलं नाही.

ही माणसं आज जातात कुठे? सावंतवाडी, दोडामार्ग, बांद्यातली गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात, कणकवली-कुडाळकडची बांबोळीला नाहीतर घाट चढून कोल्हापूरला, रत्नागिरीतली कोल्हापूरला किंवा मुंबईला, आणि रायगडातली ऐरोलीच्या बर्न्स सेंटरला नाहीतर मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात. भाजलं त्या रात्री ॲम्ब्युलन्स मिळते, सगळं गाव धावतं, वर्गणी जमते. पण वणाचे फॉलोअप दर दीड-दोन महिन्यांनी, एकट्याने, एसटीने, रोज बुडवून. दोन-तीन खेपांनंतर बाई जायची बंद होते आणि घरातले पण म्हणतात की जीव वाचला ना, आता दिसण्याचं काय घेऊन बसलीस.

गंमत म्हणजे सरकारला यातला फरक कळत नाही असं नाही. जीएसटीच्या नियमात आरोग्यसेवा करमुक्त आहे, हेअर ट्रान्सप्लांट आणि कॉस्मेटिक सर्जरी त्यातून बाहेर काढलीय, पण जन्मजात व्यंग, इजा किंवा अपघातामुळे बिघडलेलं अंग किंवा त्याचं काम परत उभं करायचं असेल तर त्याला पुन्हा आत घेतलंय. विम्याच्या नियमात पण तेच, रूप बदलायच्या खर्चाला क्लेम नाही, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना असेल तर चालतं. म्हणजे कर घेणाऱ्या खात्याला आणि विमा कंपनीला हौसेची कातडी कुठली आणि गरजेची कुठली हे बरोबर ओळखता येतं. फक्त आपल्या जिल्ह्याच्या हॉस्पिटलात ती ओळख पोचलेली नाही. ॲसिड हल्ल्यात जखमी झालेल्यांना २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांच्या यादीत नावानिशी घेतलंय, योग्यच केलं, पण स्टोव्हच्या भडक्यात तोच चेहरा तसाच जळला तर त्या यादीत तिला नाव नाही. कातडीला काय माहिती ॲसिडची बाटली कोणी फेकली की स्टोव्हला पंप मारताना भडका उडाला.

राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यात आपला रायगड होता, आता ती सगळ्या राज्याला आहे आणि कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत. त्यात भाजल्याचे उपचार आहेत, आखडलेल्या कातडीच्या ऑपरेशनची पण सोय आहे. माझी मागणी एवढीच की भाजल्याच्या आणि अपघाताच्या वणावरचं लेझर त्यात स्वच्छ नावाने यावं, फिजिओ आणि दाबाच्या कपड्यांसकट, आणि ते जिल्ह्यात मिळावं.

आता तो आक्षेप. सर्पदंशावर, प्रसूतीला, हार्ट अटॅकला माणूस नाही आणि लेझर? आक्षेप खरा आहे, आणि मांडणारे बहुतेक वेळा प्रामाणिक असतात, रात्री दोनला गरोदर बाईला घेऊन गोव्याला पळालेला माणूस असं बोलणारच. पण दोन गोष्टी बघा. अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. मेडिकल कॉलेज म्हटलं की स्किनचा विभाग ठेवावाच लागतो, नाहीतर मान्यता नाही. म्हणजे डॉक्टरचं पद आहेच, ते भरण्यासाठी भांडायचंच आहे, आणि जो डॉक्टर आला त्याच्या हातात काही दिलं तर तो टिकेल. नुसतं गजकर्ण आणि खरूज बघायला बसवलं तर पोरं सरकारी सेवेचा बाँड संपला की मुंबईला जातात आणि तिथे जाऊन हेच लेझर करतात. दुसरी गोष्ट पैशाची. हे एमआरआय नाही, काही लाखांपासून हे मशीन येतं, एका खोलीत बसतं, धूर ओढायचा पंखा, डोळ्यांचे चष्मे, भूल द्यायचं क्रीम, एवढ्यात काम चालतं. केंद्राचा भाजलेल्यांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यातून मेडिकल कॉलेजांना बर्न युनिटसाठी पैसे मिळायची तरतूद असते, त्यासाठी प्रस्ताव गेला का हे विचारलं पाहिजे. आणि एक हात उघडला तर तो माणूस कामाला लागतो, पेन्शनच्या फॉर्मला नाही, हा हिशोब कोणी का करत नाही.

सुरकुत्यांबद्दल न बोलता कसं चालेल, सगळे बोर्ड तर त्यावरच आहेत. मला कोणाच्या हौसेवर डल्ला मारायचा नाही. पन्नाशीच्या बाईला वाटलं की ओठांवरच्या रेषा कमी व्हाव्यात, तिचे पैसे, तिचा चेहरा, कोणाला विचारायची गरज नाही, आणि पुरुष पण जातात हो, फक्त सांगत नाहीत. तिने चांगल्या डॉक्टरकडे जावं एवढंच. पण सुरकुती म्हणजे आजार अशी जी हवा तयार केलीय ना, तिचा मला राग येतो. मालवणच्या बाजारात मासे विकणारी एक आजी, कपाळावर आडव्या खोल रेषा, तिला तिची नात असंच काहीतरी सांगत होती, ती सुरी चालवत म्हणाली, "माका काय आता न्हवरी व्हवचां आसा?" आणि पुढचा बांगडा साफ करायला घेतला.

त्या रेषा वयाने कमी आणि उन्हाने जास्त आलेल्या. २०१२ मध्ये अमेरिकेच्या एका नामांकित मेडिकल जर्नलमध्ये एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो आला होता, २८ वर्षं ट्रक चालवलेला, खिडकीकडच्या डाव्या बाजूचा चेहरा उजवीपेक्षा कितीतरी म्हातारा, कारण यूव्हीए नावाचे अतिनील किरण काचेतून येतात. एकाच माणसाचं एकच वय आणि दोन चेहरे. म्हणजे सुरकुत्यांवरचा सगळ्यात स्वस्त सरकारी इलाज कुठला असेल तर मच्छी मार्केटला धड छप्पर, लिलावाच्या जागेला सावली. आमच्या कित्येक बंदरांवर आजही बाया डोक्याला पदर आणि वर एक फाटकी छत्री बांधून भर दुपारी बसतात, आणि ग्रामपंचायतीचा निधी स्वागत कमानीला जातो. ज्यांना स्वतःसाठी काही करायचंय त्यांनी रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या, एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन, आणि डॉक्टरला विचारून रात्रीचं ट्रेटिनॉइन क्रीम, इथून सुरुवात करावी, लेझरच्या एका सिटिंगच्या पैशात याचे कितीतरी महिने निघतात. हे कोणी बोर्डवर लावत नाही कारण यात कमिशन नाही.

तरी कोणाला करायचंच असेल तर जाताना पाच गोष्टी तोंडावर विचारा. मशीन कोण चालवणार, तुम्ही की तुमची असिस्टंट. तुमची स्किनमधली किंवा प्लास्टिक सर्जरीची डिग्री कुठे लावलीय. टेस्ट पॅच कधी. काळं पडलं तर पुढचे उपचार कोणाच्या पैशाने. आणि आमच्यासारख्या सावळ्या माणसांचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवा, कोरियन नको. यातल्या एकालाही चिडून उत्तर आलं तर चहा प्यायचा आणि उठायचं. खोट्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक कायद्याखाली तक्रार करता येते, ती कोणी करत नाही कारण चेहरा बिघडला हे सांगायचीच लाज वाटते, आणि यावरच तर हा धंदा उभा आहे.

सरकारकडून हवंय ते फार नाही. लेझरची जागा आणि चालवणारा दोघांची नोंद जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे असावी, सोनोग्राफीसारखी, आणि ती यादी लोकांना बघता यावी. भाजल्याच्या पेशंटला डिस्चार्ज देताना वणाची पुढची तारीख त्याच कार्डावर लिहून द्यावी. आणि तिन्ही मेडिकल कॉलेजांत आठवड्यातून एक दिवस वणांची ओपीडी, स्किन, सर्जरी आणि फिजिओ एकत्र बसलेली, म्हणजे बाईला तीन खिडक्यांवर तीन दिवस फिरायला नको. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत साकव, संरक्षक भिंती आणि हायमास्ट दिव्यांच्या यादीत एक ओळ याची पण घालता येते. सिंधुदुर्गात तर ही बैठक ओरोसलाच होते आणि मेडिकल कॉलेजही तिथेच आहे, तेव्हा सदस्यांनी जेवणाच्या सुट्टीत स्किनच्या ओपीडीत जाऊन विचारून यावं की इथे मशीन बसवायला खोली कुठली देता आणि डॉक्टरचं पद किती दिवस रिकामं आहे.